ऑपरेशनची घाई करू नकोस

हिंगोली

चि. बाळास,


तुझा नांदेडचा रिपोर्ट वाचला. झोपेत तासाला 38 वेळा श्वास थांबतो किंवा अर्धवट अडतो. 30 च्या पुढं गेलं की डॉक्टर त्याला तीव्र म्हणतात. तू मात्र फोनवर एकच धोशा लावलास, ऑपरेशन करून एकदाचं मोकळं होता येईल का? तोंडाला मशीन लावून झोपलो तर सासुरवाडीचे लोक हसतील म्हणे. अरे, तुझ्या घोरण्याला ते आज हसत नाहीत असं वाटतं का तुला?

सूनबाईनं काढलेला व्हिडिओ पुन्हा बघ. घोरता घोरता आवाज बंद होतो, पोट नुसतं वरखाली होत राहतं, आणि मग गचका देऊन तू श्वास ओढतोस. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागं सरकते आणि हवेची वाट मिटते. रक्तातला ऑक्सिजन उतरला की मेंदू तुला क्षणभर जागं करतो. सकाळी त्यातलं तुला काहीच आठवत नाही, नुसतं डोकं जड. बीपी दोन गोळ्यांना दाद देत नाही, त्यामागंही हे असू शकतं. संगीतकार बप्पी लाहिरी 2022 च्या फेब्रुवारीत मुंबईत गेले तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं. इतर दुखणी होतीच, पण हेही होतं.

आता ऑपरेशन. मोठ्या माणसाच्या टाळूचा सैल भाग काढून घसा रुंद करतात. दुखतं फार, गुण येईलच असं नाही, आणि काही वर्षांनी घोरणं परत आलेले लोक आहेत. टॉन्सिल खूप मोठे असतील किंवा नाकाचं हाड वाकडं असेल तर गोष्ट वेगळी. ते विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव. खालचा जबडा पुढं धरून ठेवणारी पट्टी दंतवैद्य बनवून देतात, ती सौम्य-मध्यम त्रासाला बरी. कुशीवर झोपण्याचा उपायही तुझ्या कामाचा नाही, कारण रिपोर्टात कुशीवरही आकडा फारसा उतरलेला नाही. जिभेच्या नसेला चेतना देणारं यंत्र अमेरिकेत 2014 पासून आहे, पण आपल्या खिशाच्या बाहेरचं. आणि नाकाला लावायचे चिमटे, घोरणं बंद करणारे थेंब यांवर एक रुपया घालू नकोस.

राहिलं सीपॅप, म्हणजे तू टाळतोस ते मशीन. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 मध्ये हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवायची ही युक्ती जगापुढं मांडली. मशीन औषध देत नाही की ऑक्सिजन देत नाही. साध्या हवेचा हलका दाब घशाची वाट मिटू देत नाही, बस्स. पण लावलं तरच. 2016 साली हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या अडीच हजारांहून जास्त रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास आला. त्यात मशीन वापरणाऱ्यांचे हृदयविकार काही कमी झाले नाहीत, मात्र दिवसाची पेंग कमी झाली. लोक रात्री सरासरी साडेतीन तासही ते लावत नव्हते! म्हणून कंपनी कोणती यापेक्षा मास्क तुझ्या चेहऱ्याला बसतो का ते बघ. तुझ्या मिशीमुळं नाकातोंडावरचा मास्क गळेल. नाकपुड्यांशी बसणारा छोटा मागून घे. आधी भाड्यानं आण, पटलं तरच विकत घे. वाफेच्या डबीत बोअरचं पाणी घालू नकोस, क्षार धरतात; डिस्टिल्ड वापर. हळद पॉलिश करायच्या दिवसांत तुमच्या वसमतला घराघरांत पिवळी धूळ असते, तेव्हा फिल्टर वेळेआधीच बदल. लाइट जाते ही सबब मला सांगू नकोस, घरात इन्व्हर्टर आहे.

वजनही उतरव. दहा टक्के उतरलं तर श्वास अडण्याचा हा आकडा साधारण चौथाईनं उतरतो असं आढळलं आहे. टिरझेपॅटाइडच्या इंजेक्शनला अमेरिकेनं डिसेंबर 2024 मध्ये लठ्ठ माणसांच्या याच आजारासाठी मान्यता दिली; इकडं ते मधुमेह आणि वजनासाठी मिळतं. महाग आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नकोस. रात्रीची दारू मात्र आजपासून बंद. झोपेची गोळीही मनानं घ्यायची नाही. दोन्हींनी घसा आणखी सैल पडतो.

आणि ऐक, मशीन अंगवळणी पडून दिवसाची पेंग जाईपर्यंत सांगलीला हळदीची गाडी तू न्यायची नाहीस. भाडं बुडालं तर बुडू दे, दुसरा ड्रायव्हर लाव. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही.

तुझा धाकटाही तोंड उघडं टाकून झोपतो असं ताई म्हणत होती. तो घोरतो का, रात्री घामाघूम होतो का, शाळेत पेंगतो का, ते ताईला विचारून कळव. त्याच्या वयात टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी वाढलेल्या असतात बऱ्याचदा, आणि तिथं ऑपरेशन हाच बहुधा पहिला उपाय ठरतो.

तुझा,
मामा