उजनीच्या काठावरून होडी लोटताना

आम्ही राहतो अंबरनाथच्या बुवापाड्यात. बारवी आणि चिखलोली ही धरणं जवळच आहेत, पण ते पिण्याचं पाणी. तिथे होडी घालायचा विचारही करू नये. मी होडी शिकले ती भिगवणजवळच्या कुंभारगावला, उजनी धरणाच्या फुगवट्यावर. मामांची तिथे फायबरची होडी आहे. धक्का वगैरे काही नाही, शेताची वाट सरळ पाण्यात उतरते.

१. काठ दरवेळी नव्याने बघायचा. उजनीत 117 टीएमसी पाणी मावतं, पण उन्हाळ्यात ते इतकं मागे हटतं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडतं. दिवाळीत जिथून होडी लोटली, तिथे मे महिन्यात भेगाळलेली काळी जमीन असते. वरची खपली टणक लागते आणि खाली गुडघाभर गाळ. मामा आधी बांबू टोचून बघतात. वीतभर शिरून अडला तर जागा चांगली. सरसर आत गेला तर पुढे चालायचं. पाण्याखालचे बाभळीचे खुंटही बांबूलाच कळतात.

२. होडी खडीवरून फरफटत न्यायची नाही. चौघांनी उचलायची, नाहीतर गोल ओंडक्यांवरून सरकवायची.

३. होडीचं तोंड वाऱ्याकडे ठेवायचं. वारा काठाकडे येत असताना होडी आडवी झाली, तर घोटाभर पाण्यातच लाटा आत येतात. एकाने दोर धरायचा, वजनदार माणसाने मधोमध बसायचं, लोटणाऱ्याने शेवटी चढायचं. मोटर असेल तर मांडीभर पाणी लागेपर्यंत पंखा वर.

४. जॅकेट काठावरच घालायचं, बंद आवळूनच पाय होडीत टाकायचा. 21 मे 2024 ला याच उजनीत कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. पलीकडे जायला रस्त्याने फार मोठा वळसा पडतो, म्हणून लोक होडीत बसतात. त्यांना दोष देऊन काय होणार? प्रत्येक उतारावर जॅकेटं हवीत आणि वारा सुटला की होडी थांबवणारं माणूस हवं. हे मी भेटेल त्याला सांगते. मे महिन्यात दुपारनंतर ढग भरून आले, तर मामा गिऱ्हाईक परत पाठवतात, कितीही लांबून आलेलं असो.

५. दोर, वल्ही, चपला धुऊन कडक उन्हात वाळवल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात न्यायच्या नाहीत. मोहन्याजवळ जलपर्णीने उल्हास नदीची काय दशा केली, ते आम्ही बघतोच आहोत. एवढासा तुकडाही पुरतो.

६. पावसाळ्यात होडी दोन खुंट्यांना बांधायची, एक काठाशी आणि दुसरी बरीच वर. दौंडहून उजनीत येणारा विसर्ग वाढल्याचं कानावर आलं की मामा जेवण सोडून उठतात. रात्रीतून पाणी चढतं आणि खालची खुंटी सकाळी दिसतही नाही.