ॲटमचं बी आणि आपलं सोयाबीन

अणू म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. एक हिरोशिमा, आणि दुसरा बारावीच्या फिजिक्समधला तो शेवटी घाईघाईत उरकलेला चॅप्टर! पण आमच्या वाशिमकडे अणूची ओळख थेट वावरात होते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासोबत विदर्भासाठी सोयाबीनचं टीएएमएस-३८ हे वाण तयार केलं. ते २००५ मध्ये आलं. हे सांगितल्यावर आमच्या मोठेबाबांनी विचारलं, "ॲटमचं बी पेरलं त वावर खराब नाही होईन का बाप्पा?"

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे रेडिएशनला मराठीत काय म्हणायचं, इथपासूनच माझी तयारी! पण प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे.

किरण वेगळे आणि किरण सोडणारा पदार्थ वेगळा. चुलीसमोर बसलं की शेक लागतो, उठलं की संपलं. निखारा पदरात पडला तर मात्र तो सोबत येतो. छातीचा एक्स-रे काढून आल्यावर आपण होस्टेलच्या अंधारात चमकत नाही ना? बियाण्याचं तसंच आहे. कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ एमईव्ही असते. त्यामुळे बियांतल्या जनुकांत बदल होतात, पण बियांतल्या अणूंची केंद्रकं किरणोत्सर्गी होण्याइतकी ती ऊर्जा नसते. शिवाय किरण दिले जातात ते फक्त पहिल्या मूठभर बियांना. त्यातली चांगली झाडं निवडत पिढ्यामागून पिढ्या काढतात. आपल्या बॅगेतल्या दाण्याने ते किरण पाहिलेलेसुद्धा नसतात.

आता मापं. सेकंदाला एक केंद्रक विघटित झालं की एक बेकेरेल. एका किलोत एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की एक ग्रे. शरीरावर परिणाम किती, हे सांगतो सीव्हर्ट. गंमत बघा, संपूर्ण अंगाला एकदम ४-५ ग्रे बसले तर उपचाराविना माणूस दगावू शकतो, पण तेवढ्या ऊर्जेने मेसचा चहा एका अंशाच्या हजाराव्या भागाइतकाच तापेल! म्हणजे घात उष्णतेने होत नाही, पेशींतले रेणू तुटल्याने होतो.

मोठेबाबांची भीती मात्र पोकळ नाही, फक्त तिची जागा दुसरी आहे. तारापूरला १९६९ मध्ये अणुवीज केंद्र सुरू झालं. अशा अणुभट्टीत न्यूट्रॉनने युरेनियमचं केंद्रक फुटतं आणि त्याचे तुकडे स्वतःच किरणोत्सर्गी असतात. हे खरे निखारे. ते इंधनाच्या नळ्यांत बंद ठेवावे लागतात. १९८६ मध्ये चेर्नोबिलला ते बाहेर उडाले आणि वावरं खरोखरच खराब झाली. त्यातल्या आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य ८ दिवसांचं, ते काही महिन्यांत संपलं. सीझियम-१३७ चं सुमारे ३० वर्षांचं. म्हणजे तेव्हाचं सीझियम २०१६ पर्यंत निम्मं झालं, आणि २०४६ मध्येही त्याचा चौथा हिस्सा शिल्लक असेल.