गोळ्या बंद करायला कोणी सांगितलं?

"गोळ्यांनी मेंदू झोपतो, आपण बोलून मोकळं होऊ," असं समुपदेशक बाईंनी माझ्या धाकट्या भावाला सांगितलं होतं. त्याला आवाज ऐकू येतात. मला कळलं कधी? त्याच्या गादीखाली ओलान्झापिनच्या न फोडलेल्या पट्ट्या सापडल्या तेव्हा. तोवर तो रात्र-रात्र बूढा तालाबाच्या काठावर बसू लागला होता, आणि आई म्हणत होती, रायपूरचा उन्हाळा, झोप येत नसेल.

बाईंना फोन केला. "निर्णय त्याचा होता." डॉक्टरांशी बोललात का? "माझी पद्धत वेगळी आहे." डॉक्टरही काही कमी नाहीत. गोळ्यांबरोबर बोलण्याचे उपचारही करू का, असं मी सुरुवातीलाच विचारलं होतं; चिठ्ठीवरून नजर न उचलता म्हणाले, "बोलून काय होणार?" दोघेही आपापल्या खुर्चीत शहाणे. निस्तरायचं बूढापाऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत.

बोलून होतं, डॉक्टरसाहेब. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने 2014 मध्येच अशा आजारात गोळ्यांच्या जोडीला सीबीटीची, म्हणजे बोलण्याच्या उपचारांची, किमान 16 आणि कुटुंबासह किमान 10 सत्रं सांगितली आहेत. गोळीने आवाज मंदावतात. उरलेल्या आवाजाचं ऐकायचं की नाही, ते बोलून शिकावं लागतं. पण बोलणं गोळीच्या जोडीला, बाई.

म्हणून सांगतो. मानसशास्त्रज्ञाची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी आधी बघा. भिंतीवरच्या फ्रेमवर जाऊ नका. रुग्णाच्या संमतीने डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ दोघांना एकमेकांचे नंबर द्या आणि बोलणं झालं का, हे स्वतः विचारा. गोळी का सोडली, हे न रागावता विचारा. आमच्याकडे कारण वाढलेलं वजन होतं, ते आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. डोस किंवा गोळी बदलता येते, पण डॉक्टरांनीच. सत्र रुग्णाच्या भाषेत हवं. भावाला आवाज मराठीत ऐकू येतात आणि बाई ते हिंदीत सांगायला लावायच्या! 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला आपला प्रतिनिधी लेखी नेमता येतो; तब्येत बरी असतानाच तो कागद करून घ्या. अडचणीत टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 आहे, फुकट. आणि हो, धीर धरा, स्वतःची झोप सांभाळा, वगैरे.

भाऊ आता पुन्हा गोळ्या घेतो, नव्या मानसशास्त्रज्ञाकडेही जातो. बाईंनी आगाऊ घेतलेल्या सत्रांचे पैसे अजून परत केलेले नाहीत.