सॉफ्टवेअर क्षेत्रातील प्रवेश : पदवीच्या जोडीला हवे काम

नाशिकच्या गंगापूर रोडवर मराठा विद्या प्रसारक समाजाचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९९९ मध्ये सुरू झाले. अशा महाविद्यालयांत खेड्यातून, मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यापुढे एक प्रश्न असतो : केवळ पदवीच्या बळावर सॉफ्टवेअर क्षेत्रात प्रवेश मिळेल काय?

पदवी आवश्यक आहे. परंतु पुरेशी नाही. संगणकाच्या भाषा बदलत राहतात, शास्त्राचा पाया मात्र टिकून राहतो. म्हणून प्रथम एकच भाषा पक्की करावी. नंतर माहितीची रचना, डेटाबेस व संगणकजाळे यांचा अभ्यास करावा. महागड्या खाजगी वर्गांसाठी कर्ज काढण्यापूर्वी केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’ मंचावरील विनामूल्य पाठ आणि मुंबई आयआयटीचे मराठीतही उपलब्ध असलेले ‘स्पोकन ट्युटोरियल’ पाहावेत. इंग्रजीतील तांत्रिक मजकूर रोज थोडा वाचल्यास त्या भाषेची भीती ओसरते.

तिसऱ्या वर्षी प्रत्यक्ष उपयोगाची एक आज्ञावली स्वतः तयार करावी. पाणीपट्टीची थकबाकी, शाळेचे ग्रंथालय असे विषय गावातच सापडतात. ग्रामपंचायत कर्मचाऱ्याने दाखविलेल्या चुका दुरुस्त करताना जे ज्ञान मिळते, ते विकत घेतलेल्या प्रकल्पातून मिळत नाही. आज कृत्रिम बुद्धिमत्ताही आज्ञावली लिहून देते. ती पारखण्याची जबाबदारी मात्र अभियंत्याचीच असते.

येथे शिक्षक व पंचायत सदस्यांचे साहाय्य मोलाचे ठरेल. गावाची एक खरी अडचण विद्यार्थ्याच्या हाती सोपविणे, ही त्याला दिलेली शिष्यवृत्तीच होय.