दप्तराची दुसरी प्रत : घरच्या स्कॅनरची मांडणी व उपयोग

ज्या घरात दोनतीन पिढ्या व्यापार चालला आहे, त्या घराच्या माळ्यावर किंवा एखाद्या फडताळात लाल कापडात बांधलेले जुने दप्तर बहुधा असतेच. त्यात रोजकीर्दी असतात, खतावण्या असतात, खरेदीखते, गहाणखते, वटलेल्या हुंड्या आणि वडीलधाऱ्यांची छायाचित्रे असतात. वाळवी, ओल व उंदीर हे या दप्तराचे जुने वैरी होत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली, कोल्हापूर व बेळगाव या जिल्ह्यांतील कित्येक घरांत पाणी शिरले, तेव्हा धान्याबरोबर कागदही भिजले. धान्य पुन्हा भरता येते, कागद मात्र पुन्हा लिहिता येत नाही. म्हणून या दप्तराची दुसरी प्रत घरच्या घरी कशी करावी, याचा विचार आम्ही येथे मांडीत आहोत.

प्रारंभीच आमची एक चूक सांगणे प्राप्त आहे. सुमारे दहा वर्षांपूर्वी आम्ही हौसेने स्कॅनर आणला व आठवड्याभरात आजोबांच्या वेळच्या बारा चोपड्या उरकल्या. जागा कमी लागावी म्हणून प्रतिमा केवळ काळ्या-पांढऱ्या घेतल्या आणि ठिपक्यांची घनताही इंचाला १५० एवढीच ठेवली. काम झाले असे समजून मूळ चोपड्या गुदामात टाकल्या. दोन पावसाळ्यांत त्यांचा लगदा झाला. पुढे घराच्या वाटणीच्या वेळी आमच्या विधवा काकूंच्या नावे पेढीत जमा असलेली ठेव पाहण्याची वेळ आली. प्रतिमा उघडली, तो पहिला आकडा १ की ९ हे कोणासच सांगता येईना. अखेर सर्व भावांनी मोठा आकडा धरून ती रक्कम काकूंस दिली. पैसे गेल्याचे दुःख आम्हांस झाले नाही. आजोबांनी स्वच्छ लिहून ठेवलेला हिशेब आमच्या घाईमुळे संशयात पडला, हे मात्र आजही मनाला लागते.

या प्रसंगाने एक गोष्ट आम्हांस शिकविली. प्रतिमेचा दर्जा काचेवर कागद ठेवतानाच ठरतो. त्या वेळी जे टिपले गेले नाही, ते पुढे कोणत्याही युक्तीने परत आणता येत नाही. आणि जीर्ण कागद वारंवार उलगडता येत नसल्याने काम एकदाच, पण नीट करावे.

प्रथम यंत्राची निवड. जुन्या कागदांसाठी सपाट काचेचाच स्कॅनर घ्यावा. पाने आपोआप ओढून घेणारी सोय आजच्या बिलांकरिता उत्तम, परंतु ठिसूळ पान तीत फाटते. चोपडीच्या शिवणीजवळ पान काचेपासून किंचित उचललेले राहते. सीआयएस जातीच्या सडपातळ यंत्रांत तेवढा भाग अस्पष्ट येतो, तर सीसीडी जातीच्या यंत्रांत तो पुष्कळच स्पष्ट राहतो. चोपड्यांचे काम मुख्य असेल, तर हा भेद दुकानातच विचारून घ्यावा. जाहिरातीतील मोठमोठ्या आकड्यांना भुलू नये. भिंगाने प्रत्यक्ष टिपलेली, म्हणजे ऑप्टिकल, घनता किती हेच पाहावे. त्यापुढचे आकडे यंत्राने कल्पनेने भरलेले असतात.

आता जोडणी. स्कॅनर घरच्या नेटवर्कवर ठेवला म्हणजे पेढीतील मुनीम, वरच्या मजल्यावरील सूनबाई आणि अभ्यासाच्या खोलीतील नातवंडे या सर्वांस तो आपापल्या संगणकावरून वापरता येतो. यंत्र हलत्या स्टुलावर न ठेवता भक्कम टेबलावर, उन्हापासून व ओलीपासून दूर ठेवावे. शक्य असल्यास ते राउटरशी तारेने जोडावे, कारण मोठ्या प्रतिमा वाय-फायवरून सावकाश जातात. वाय-फायच वापरावयाचे असेल, तर अनेक यंत्रे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरच जोडली जातात हे ध्यानात असावे. राउटरमध्ये स्कॅनरसाठी एक आयपी पत्ता कायम राखून ठेवावा. तसे न केल्यास पत्ता अधूनमधून बदलतो व संगणकास यंत्र सापडेनासे होते.

नेटवर्क म्हणजे घराचे आणखी एक दार होय आणि त्यास कडी हवीच. यंत्राबरोबर आलेला संकेतशब्द पहिल्याच दिवशी बदलावा. पाहुण्यांसाठी वाय-फायचे वेगळे जाळे ठेवावे. स्कॅनर बाहेरच्या इंटरनेटवरून उघडता येईल अशी व्यवस्था करू नये. प्रतिमा थेट संगणकावरील सामायिक फोल्डरात पाठविता येतात. त्यासाठी स्कॅनरच्या नावाने निराळे खाते काढून त्यास तेवढ्याच फोल्डराची मुभा द्यावी. काही जुन्या यंत्रांना याकरिता संगणकावर एसएमबीची पहिली, असुरक्षित आवृत्ती चालू करावी लागते. ती चालू न करता संगणकावरील स्कॅनिंगच्या प्रोग्रामातूनच प्रतिमा ओढून घेणे शहाणपणाचे होय.

घनतेविषयी ढोबळ नियम असा : लिखित वा छापील कागदास इंचाला ३०० ठिपके, बारीक मोडी अक्षर, पुसट शिक्का व लहान छायाचित्र यांस ६००, आणि छायाचित्राच्या फिल्मला २,४०० किंवा अधिक. ए-४ आकाराचे पान ३०० घनतेने घेतले असता रुंदीत २,४८० व उंचीत ३,५०८ ठिपके मिळतात. पूर्ण रंगात अशी एक प्रतिमा दाबून लहान न करता सुमारे २६ मेगाबाइट होते. २०० पानांच्या चोपडीस त्या हिशेबाने सुमारे ५.२ गिगाबाइट जागा लागेल. घनता दुप्पट केली की जागा चौपट लागते. म्हणून सर्वत्र ६०० चा हट्टही नको.

रंग मात्र नेहमी पूर्ण, म्हणजे २४ बिटांचा घ्यावा. तांबड्या शाईची खूण, फिकट झालेली शाई आणि ओलीचा डाग यांतील भेद रंगातच कळतो. काळ्या-पांढऱ्या प्रतिमेत हे सर्व एक तर नाहीसे होते किंवा एकच काळे दिसते. आमच्या काकूंच्या ठेवीचा आकडा तेथेच हरवला. पातळ कागदाच्या मागील बाजूची अक्षरे पुढे उमटत असतील, तर पानामागे काळा कागद ठेवावा. आपोआप उजळ करणाऱ्या व डाग पुसणाऱ्या सोयी बंद ठेवाव्यात. सुधारणा करणे असल्यास ती पुढे प्रतीच्या प्रतीवर करावी.

प्रत्येक बैठकीपूर्वी काच मऊ, तंतू न सोडणाऱ्या कापडाने पुसावी. द्रव काचेवर न फवारता कापडावर घ्यावा. हात स्वच्छ व कोरडे असावेत आणि छायाचित्र कडेनेच धरावे. लांबट चोपडी काचेवर मावत नसेल, तर ती दाबू नये. दोन बोटे भाग दोन्हींत येईल अशा बेताने तिचे दोन भाग घ्यावेत. शिवण फारच कच्ची असल्यास वरून कॅमेऱ्याने छायाचित्र घेणे बरे. पहिली पाच पाने झाली की थांबून ती पडद्यावर मोठी करून वाचावीत. आकडे निःसंशय वाचता आले, तरच पुढे जावे.

मूळ प्रतिमा टिफ स्वरूपात जपावी. जेपेगमध्ये प्रत्येक वेळी बदल करून साठविताना काही तपशील गळतो. तो नातलगांस पाठविण्यापुरता ठीक. नावांत मिती, वहीचा प्रकार व पानाचा क्रमांक असावा. चोपडीवर कार्तिकी विक्रम संवत असल्यास दिवाळीपासून डिसेंबरअखेरपर्यंत ५७ आणि जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६ वजा केले की इसवी सन मिळतो. नावात इसवी सन आधी लिहावा, म्हणजे सर्व वर्षे आपोआप क्रमाने लागतात.

यानंतर तीन प्रती कराव्यात. त्या दोन निराळ्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी, लेकीकडे किंवा भावाकडे ठेवावी. एकाच कपाटातील तीन प्रती पुराच्या दृष्टीने एकच होत. वर्षातून एकदा त्या उघडून पाहाव्यात. आणि मूळ कागद कधीही टाकू नयेत. नोंदणी झालेल्या खताचे काम त्याच्या प्रतिमेने भागत नाही.

प्रत करून ठेवण्याचे मोल आपल्या समाजास नव्याने सांगावयास नको. धवलादी सिद्धांतग्रंथांच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके मूडबिद्रीस जपल्या गेल्या. त्यांवरून हाताने नकला उतरविल्या गेल्या, म्हणूनच १९३९ पासून अमरावतीहून धवलेचे मुद्रण होऊ शकले. त्या नकलाकारांजवळ यंत्र नव्हते, पण धीर होता. आपणांजवळ यंत्र आहे, तेव्हा तेवढा धीर आपण दाखवावयास हवा.

येत्या दिवाळीत वहीपूजन झाल्यावर मुले सुटीनिमित्त घरी असतील. त्यांना जवळ बसवून सर्वांत जुनी एकच चोपडी घ्यावी, रोज वीस पाने करावीत आणि करता करता त्यांतील नावे त्यांना वाचून दाखवावीत. दहाबारा दिवसांत एक वही पुरी होईल. बाकीच्यांची घाई नाही, मात्र पहिल्या वहीस यंदाच हात घालावा, अशी आमची सभासद बंधुभगिनींस विनंती आहे.