पिंजऱ्याबाहेरचा राघू

(बी. ए. द्वितीय वर्ष)

आपल्या बोलण्यात पोपटावर दुहेरी अन्याय होत आला आहे. अर्थ न समजता पाठ म्हणणाऱ्याला आपण ‘पोपटपंची करतो’ म्हणतो. आणि उर्दूत बेइमान माणसाला ‘तोताचश्म’ म्हणतात, म्हणजे पोपटासारखी नजर फिरवणारा. एक शब्द त्याच्या बुद्धीवर, दुसरा त्याच्या निष्ठेवर. गेले वर्षभर मी आमच्या बांधावरचे पोपट पाहते आहे आणि त्यांच्याविषयी मिळेल ते वाचते आहे. त्यावरून माझे असे मत झाले आहे की, हे दोन्ही दोष पिंजऱ्याचे आहेत, पाखराचे नव्हेत.

प्रथम पोपटपंचीविषयी. पोपट हा थव्याचा पक्षी. थव्यात परस्परांना हाका मारणे, हाक ओळखणे आणि ती शिकणे यावर त्याचे जगणे चालते. व्हेनेझुएलातील एका लहान जातीच्या पोपटांवरील संशोधन २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यात असे आढळले की, पिलांना आपली स्वतंत्र हाक, म्हणजे जणू आपले नावच, आईबापांकडून मिळते. तेव्हा ‘मिठू मिठू’ म्हणणारा पिंजऱ्यातला राघू पाठांतर करीत नसतो. आपला थवा हरवल्यामुळे तो घरातल्या माणसांनाच थवा समजतो आणि त्यांच्या भाषेत हाक घालतो. त्याला उत्तर म्हणून आपण हसतो.

अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग या विदुषींनी १९७७ साली ॲलेक्स नावाचा आफ्रिकी करडा पोपट घेतला व तो २००७ साली मरेपर्यंत त्याला शिकविले. पन्नासांहून अधिक वस्तूंची नावे, सात रंग, पाच आकार आणि सहापर्यंतची संख्या तो सांगू शके. नको असेल तेव्हा तो ‘नको’ म्हणे, हे मला त्याहून महत्त्वाचे वाटते.

आता निष्ठेविषयी. पोपट माणसाळतो कसा, हे पाहू. झाडाच्या ढोलीतून डोळे न उघडलेली पिले काढायची, हाताने भरवायची, पंखांची पिसे कापायची. रस्त्यावर पोपटाकडून चिठ्ठी काढून भविष्य सांगणाऱ्याचे पाखरूही दाण्याच्या आशेनेच पिंजऱ्याबाहेर येते आणि पुन्हा आत जाते. असा पोपट खांद्यावर बसतो तेव्हा लोक म्हणतात, ‘किती लळा लागला!’ पण ज्याला दुसरीकडे जाताच येत नाही त्याच्या जवळ येण्याला विश्वास म्हणावा काय? आणि पुढे कधी दार उघडे राहिले व तो उडाला, तर आपण त्याला तोताचश्म म्हणून मोकळे होतो.

येथे ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील दृष्टांत आठवतो. ज्ञानदेवांचे घराणे गोदाकाठच्या आपेगावचे, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या शेजारचेच. पोपट नळीवर बसतो, त्याच्या भाराने नळी फिरते, तो उलटा लोंबतो आणि आपण अडकलो या समजुतीने तीच नळी घट्ट धरून ठेवतो. वास्तविक त्याला कोणी बांधलेले नसते. अध्यात्मातील अर्थ थोरांनी सांगितला आहे. मला त्यातली पक्ष्याची पारख जाणवली. भ्यालेला पोपट सोडत नाही, धरतो. घट्ट धरलेले प्रत्येक नखर प्रेमाचे नसते.

मग विश्वास ओळखावा कसा? पोपटाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. समोरून, दोन्ही डोळे रोखून, सरळ चालत येणारा प्राणी त्याच्या लेखी शिकारी. वरून येणारा हात म्हणजे शिक्रा. म्हणून त्याच्याकडे तिरके जावे, बसून राहावे, नजर दुसरीकडे ठेवावी आणि वेळ रोज एकच असावी. पिसे अंगाला चिकटली, मान लांब झाली, की तो भ्याला. पिसे सैल सोडून एक पाय पोटाशी घेतला, चोचीवर चोच घासू लागला किंवा आपल्यादेखत पिसे साफ करू लागला, की तो निवांत आहे. बुबुळ भराभर लहानमोठे होऊ लागले, तर तो उत्तेजित झाला आहे. ते आनंदाने की रागाने, हे बाकीच्या अंगावरून ठरवावे लागते.

या सर्वांत एक गोष्ट मुख्य आहे. त्याने मान लांब केली की आपण थांबायचे, एक पाऊल मागे यायचे. तो उडण्यापूर्वी मागे यायचे. म्हणजे त्याला कळते की, आपले ‘नको’ या माणसाला समजते. पिंजऱ्यात पाखराने कितीही ‘नको’ म्हटले तरी हात आत येतोच.

मी मार्चमध्ये लिंबाखाली परळात पाणी ठेवू लागले. आमच्याकडच्या उन्हाळ्यात पाणी हे दाण्याहून मोठे आमंत्रण. पहिल्या दिवशी चाळीस पावलांवर बसले, तरी कोणी उतरले नाही. नंतर चिमण्या, साळुंक्या, बुलबुल आले. त्यांना पाहून आठवड्याने एक पोपटाची जोडी उतरली. नराच्या गळ्यात काळी-गुलाबी कंठी; मादीला ती नसते. या मादीच्या शेपटीतले लांब पीस तुटलेले आहे, त्यामुळे ती ओळखू येते. मृग निघेपर्यंत मी आठ पावलांवर आले होते. त्याहून जवळ गेले नाही. नर अजूनही माझ्याकडे एका डोळ्याने पाहत पाणी पितो. मादी मात्र पाठ करून पिते.

खरा पेच याच्या पुढे आहे. बाजरी हुरड्यात आली की हेच पोपट शेतावर पडतात. अर्धे कणीस खातात आणि अर्धे खाली पाडतात. त्यांच्या उधळेपणाचे समर्थन मीही करू शकत नाही. माळ्यावर बसून राखण करणे लहानपणापासून माझ्याकडे आहे. ते पाहून आमचे दादा म्हणाले, “सकाळी पाणी पाजतीस अन् दुपारी गोफण फिरवतीस. त्या पाखरानं कोणत्या हातावर इश्वास ठेवायचा?”

मी गोफण सोडली नाही. घरचे धान्य आहे, सोडून चालणार नाही. दगडाऐवजी आता डबा वाजवते. मात्र एक गोष्ट पाहिली. शेतात डब्याच्या आवाजाने थव्याबरोबर उडालेली तुटक्या शेपटीची मादी दुसऱ्या दिवशी सकाळी परळावर येतच होती. जागा आणि वेळ यांचा हिशेब तिच्याजवळ असावा. दादांच्या प्रश्नाचे हे उत्तर झाले असे मी म्हणत नाही. त्यांनीही मानलेले नाही.

पोपटाशी पिंजऱ्याविना नाते जोडणारी माणसे आहेत. चेन्नईत कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या सेकर यांनी २००४ च्या त्सुनामीनंतर आपल्या गच्चीवर भात मांडण्यास सुरुवात केली व वर्षानुवर्षे हजारो पोपट तेथे येत राहिले. पोपट खातात आणि उडून जातात.

कायदाही हेच सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडील पोपट पकडणे, विकणे, पाळणे हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या अनुसूचीत आहे. बाजारात ‘लव्हबर्ड’ म्हणून मिळणारे छोटे रंगीत पक्षी बहुधा मूळ ऑस्ट्रेलियाचे, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेले. त्यांची गोष्ट वेगळी, पण भीतीच्या खुणा त्यांच्याही अशाच. ज्यांच्या घरी जुना राघू आहे त्यांनी हा लेख वाचून एकदम दार उघडू नये. हाताने वाढलेल्या पाखराला दाणा शोधणे आणि शिक्रा ओळखणे ठाऊक नसते. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. आपल्या जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातील तागडगाव येथे सर्पराज्ञी हे वन्यजीवांचे केंद्र आहे. जखमी पशुपक्ष्यांची शुश्रूषा तेथे होते.

जानेवारीअखेर ही जोडी लिंबाच्या जुन्या ढोलीचे तोंड कोरू लागली. आता मादी आतच असते आणि नर तिला भरवतो. अंडी साधारण तीन आठवड्यांनी फुटतात. पुढे पिले उडायला सहा-सात आठवडे लागतात. ढोलीकडे सारखी जाणारी वाट पिले काढणाऱ्यांच्याही नजरेस येते. म्हणून परळ मी विहिरीच्या कडेला, साठ पावले दूर नेऊन ठेवले आहे. परवा नर एकटाच तेथे आला होता.