शेजाऱ्याचा फड बघताना



नवीन बेणे, रुंद सरी, ठिबक यांची माहिती आपल्याला मेळाव्यात मिळते. पण खात्री पटते ती बांधापलीकडच्या फडात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी समजूत होती. नांगर खपेनात. १९१० साली कारखाना कुंडल रोडला आला; तीच आजची किर्लोस्करवाडी. हळूहळू तो नांगर गावोगाव पोचला. शेजारच्या नांगरटीत पीक जोमदार आलेले दिसले, की विषाची भीती कितीशी टिकणार?

अमेरिकेतही हेच दिसले. आयोवा राज्यातील २५९ शेतकऱ्यांनी संकरित मका कसा स्वीकारला, याचा अभ्यास रायन व ग्रॉस यांनी १९४३ साली प्रसिद्ध केला. १९२८ ते १९४१ या काळात दोघे वगळता सर्वांनी तो घेतला. बियाण्याची पहिली बातमी देण्यात विक्रेते सर्वांत पुढे होते. भरवसा मात्र शेजाऱ्यामुळे बसला. तरीही बहुतेकांनी पहिल्या वर्षी थोड्याच रानात पेरून पाहिले.

पण बघून चांगलेच तेवढे पसरते असे नाही. "त्यानं पाणी सोडलं, मग आपण का मागं राहायचं?" या चढाओढीत कृष्णाकाठी काय झाले ते आपण बघतोच. जादा पाणी आणि निचऱ्याचा अभाव यांमुळे वाळवा, पलूस, मिरज भागांतील चांगल्या काळ्या जमिनी खारवट-चोपण झाल्या. तोडणीनंतर पाचट पेटवण्याचेही तसेच. एकाने पेटवले की दुसऱ्याचा हात काडीपेटीकडे जातो.

म्हणून शेजाऱ्याचा फड जरूर बघा, पण असा बघा :

१) जमीन आणि पाणी आपल्यासारखे आहे का? पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने १९९६ साली को ८६०३२ (नीरा) आणि २००७ साली फुले २६५ हे वाण दिले. फुले २६५ खारवट जमिनीत चांगला तग धरतो. निचऱ्याच्या रानात एखादे बेणे साधले, म्हणून ते चोपणात साधेलच असे नाही.

२) नुसते एकरी टनेज विचारू नका. खते, पाणी, मजुरी धरून खर्च किती आला आणि खोडवा कसा उतरला, हेही विचारा.

३) पहिल्या वर्षी पाच-दहा गुंठेच करा. शेजारी जुन्या पद्धतीच्या चार सऱ्या ठेवा, म्हणजे फरक आपल्याच रानात दिसेल.

४) आपला प्रयोग फसला तर लपवू नका. लोक हसतील म्हणून गप्प बसलात, तर तोच तोटा आणखी चार घरांत जाईल.

काही कामे मात्र एकट्याची नव्हेतच. चोपण जमीन सुधारायला जमिनीखालून सच्छिद्र नळ्या घालतात. पण त्यांचे पाणी ओढ्यापर्यंत न्यायला वाट बहुधा दुसऱ्याच्या रानातूनच असते. तेव्हा लागणीच्या आधी एकाच ओढ्यावरच्या खातेदारांनी एकत्र बसावे, मातीचे नमुने तपासून घ्यावेत आणि नळीची वाट ठरवूनच कामाला लागावे.